रेषीय बीजगणिताचे एक दशक : नांदेड–धर्माबाद पट्ट्याचा मागोवा

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेला १७ सप्टेंबर २०२४ रोजी तीस वर्षे पूर्ण झाली आणि त्याच शैक्षणिक वर्षापासून संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांत नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. तीन विषयांना सारखे वजन देणारी जुनी बी.एस्सी. मागे पडली, मुख्य विषय व गौण विषय अशी विभागणी झाली, आणि भौतिकशास्त्र मुख्य घेणाऱ्या विद्यार्थ्याची रेषीय बीजगणिताशी गाठ पडेलच ही खात्री संपली. ज्यांची बेरीज करता येते व ज्यांना संख्येने गुणता येते अशा राशींच्या समूहाला सदिश अवकाश म्हणतात. हे अवकाश, आणि ही बेरीज व हा गुणाकार न बिघडवता एका अवकाशातून दुसऱ्यात नेणारी रूपांतरणे, यांचा अभ्यास म्हणजे रेषीय बीजगणित. तेलंगणाच्या वेशीवरील धर्माबादसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला अमूर्त गणिताचे दार बहुधा इथेच प्रथम उघडत असे, म्हणून हा बदल जिव्हारी लागणारा आहे.

आधीच्या काळाविषयी थोडक्यात सांगता येते. निजामाच्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून चाले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि पुढची साडेतीन दशके नांदेड व लातूरच्या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम तिकडूनच ठरत गेले. गणिताच्या अध्यापनापुरता हा काळ एकसुरीच म्हणावा लागेल.

खरा विचार करण्याजोगे दशक १९९४ ते २००४ हे आहे. विद्यापीठ दारापाशी आले होते, गणिताचे वर्ग भरलेले असत, आणि बिलोली, देगलूर, उमरी, धर्माबाद या भागांतील शेतकऱ्यांची, मोंढ्यातल्या हमालांची, मिरचीच्या व्यापाऱ्यांकडील मुनिमांची मुले त्या बाकांवर बसत. दहावीपर्यंत मराठीतून, कुणी तेलुगूतून शिकलेल्या या मुलांसमोर अकरावीला इंग्रजी आले, आणि पदवीच्या वर्गात सदिश अवकाशाची स्वयंसिद्धे आली, म्हणजे सिद्धता न मागता मान्य करावयाची गृहीतके. इटालियन गणिती पेआनो यांनी १८८८ साली मांडलेली ही मांडणी फळ्यावर एका तासात लिहून होत असे. ती कशासाठी केली, हे मात्र क्वचितच सांगितले जाई.

त्याचा परिणाम एका साध्या उदाहरणावरून दिसतो. (१, २, ३), (४, ५, ६) आणि (७, ८, ९) हे सदिश परस्परावलंबी आहेत का, असा प्रश्न आला की विद्यार्थी त्यांचा निश्चयक, म्हणजे या संख्यांच्या चौरस मांडणीवरून निघणारी एक संख्या, मांडत, तो शून्य येत असे, ‘अवलंबी’ असे लिहून खाली दुहेरी रेघ मारली जाई आणि पूर्ण गुण मिळत. दुसऱ्याच्या दुपटीतून पहिला वजा केला की तिसरा मिळतो, म्हणजेच तिन्ही सदिश एकाच प्रतलात पडून आहेत आणि त्यांच्या मिश्रणातून त्रिमितीतला प्रत्येक बिंदू गाठता येणार नाही, हे चित्र त्या उत्तरात कोठेच नसे. याचा दोष विद्यार्थ्यांच्या कुवतीवर ढकलण्याची रीत तेव्हाही होती आणि आजही आहे. ती अन्यायाची आहे. दोष होता तो मागील पाच वर्षांचे प्रश्न चाळून ‘आयएमपी’ प्रमेयांची यादी हातात देणाऱ्या गाईडांचा, आणि त्याच याद्यांतून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या परीक्षापद्धतीचा.

दुसरी वाट त्याच दशकात उपलब्ध होती, ही बाब अधिक क्लेशदायक आहे. पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना स्वतः विचार करून गणित करायला लावणारे एमटीटीएस हे उन्हाळी प्रशिक्षण १९९३ साली सुरू झाले होते. त्यामागील प्रमुख व्यक्तींपैकी एक, मुंबई विद्यापीठातील प्रा. एस. कुमारेसन, यांचे भूमितीच्या अंगाने रेषीय बीजगणित शिकवणारे पुस्तक २००० साली आले. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात पेज आणि ब्रिन या संशोधकांनी संकेतस्थळांची क्रमवारी लावण्याची रीत मांडली. तिच्या मुळाशी आयगेन सदिश होता, म्हणजे रूपांतरणानंतरही ज्याची रेषा बदलत नाही आणि केवळ लांबी बदलते असा सदिश. नांदेड परिसरातील विद्यार्थी त्याच सुमारास तीन ओळी तीन स्तंभांच्या मॅट्रिक्सचे, म्हणजे संख्यांच्या चौकटीचे, आयगेन मूल्य, म्हणजे असा सदिश किती पट होतो ती संख्या, काढून वही मिटत होते. ही साधने येथवर न पोहोचण्यात अंतराचा वाटा कमी आणि अनास्थेचा अधिक होता.

तरीही त्या दशकाकडे एक गोष्ट होती व ती आता दुर्मीळ झाली आहे. ओळींवर क्रिया करून मॅट्रिक्स पायरीच्या रूपात आणताना तिसऱ्या ओळीत वजाचे चिन्ह सुटले की पुढचे सारे कोसळते. अशा वेळी बाकाजवळ येऊन चूक नेमकी कोठे झाली ते दाखवणारा, पूर्णवेळ पगारावर असलेला आणि वर्षभर तेथेच राहणारा शिक्षक तेव्हा होता.

पुढची वर्षे अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या धामधुमीत गेली. अकरावी-बारावीच्या सरावावर उभा राहिलेला लातूर पॅटर्न राज्यभर गाजला, हुशार मुले तिकडे वळली, आणि बी.एस्सी.ला गणित घेणे म्हणजे दुसरे काही न मिळाल्याची खूण मानली जाऊ लागली. या समजुतीने विषयाचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही कठीण पेपरने केले नाही.

एमआयटीतील गिल्बर्ट स्ट्रँग यांनी १५ मे २०२३ रोजी या विषयाचे अखेरचे व्याख्यान दिले; १९९९ साली चित्रित झालेली त्यांची व्याख्याने आज धर्माबादच्या कोणत्याही मोबाईलवर फुकट पाहता येतात, आणि यंत्रशिक्षणामुळे या विषयाला कधी नव्हे इतकी मागणी आहे. परंतु व्याख्यान पाहून सोडवलेले उदाहरण तपासायचे कोणी, हा प्रश्न तसाच आहे. कारण निवृत्त झालेल्या अनेक प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण शिक्षक, स्वतः चांगला गणिती असूनही, पुढच्या जूनमध्ये त्याच वर्गावर असेल की नाही हे त्यालाही ठाऊक नसते. नव्या धोरणाचे श्रेयांक मोजण्यापूर्वी या जागा भरायला हव्या होत्या, आणि अजूनही त्या भरता येतील.