वळणावरचा उजेड

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला खापर हे गुजरातच्या हद्दीजवळचे, हमरस्त्यावरचे एक गाव वाटते. चहा घ्यावा आणि पुढे निघावे, एवढेच. आम्हा इथे राहणाऱ्यांची नजर मात्र उत्तरेकडे असते. अक्कलकुवा तालुक्याचा उत्तरेचा सारा भाग सातपुड्यात आहे आणि तो थेट नर्मदेच्या काठाला, मणिबेलीपर्यंत जाऊन भिडतो. डोंगरात गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नसते. एक पाडा या टेकडीवर, दुसरा त्या टेकडीवर आणि मध्ये ओहोळ. अशा ठिकाणी एस.टी. डांबरी रस्त्यापर्यंत पोचते, जीप मुरुमाच्या रस्त्यापर्यंत पोचते, आणि त्यापुढे पोचते ती मोटारसायकल. शिक्षक, आरोग्यसेवक, किराण्याचा व्यापारी, नवरदेवाचा मामा, सगळे तिच्यावरच. मलाही कामानिमित्त आठवड्यातून दोनतीनदा अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीच्या बाजूला जावे लागते, आणि परत यायला बहुतेक वेळा रात्र होते.

अलीकडे या रस्त्यांवर जादा दिवे लावलेल्या गाड्या फार दिसू लागल्या आहेत. मेकॅनिक आणि गिऱ्हाईक दोघेही त्यांना सरसकट ‘फॉग’ म्हणतात. डोंगरात चालवण्यासाठीच बनवलेल्या गाड्याही आता गावोगावी आल्या आहेत. २०१६ साली हिमालयन आली, २०१९ साली एक्सपल्स आली. तरी आमच्याकडे डोंगर चढतात त्या बहुसंख्य गाड्या साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्याच. त्यांच्या लेगगार्डवर दोन चौकोनी दिवे बसवले की मालकाला गाडी डोंगराला लायक झाल्यासारखी वाटते. दुकानात गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारते : किती वॉटचा आहे? माझे म्हणणे असे, की हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. उजेड कुठे पडायला हवा, हा पहिला. आणि तो कुठे पडता कामा नये, हा दुसरा.

आधी गाडीचा मूळ दिवा पाहू. साध्या गाड्यांत वर्षानुवर्षे ३५ वॉटचा हॅलोजन बल्ब असे, आणि जुन्या गाड्यांत त्याला वीज थेट मॅग्नेट कॉईलमधून मिळे. परिणाम असा, की इंजिन जोरात तेव्हा दिवा जोरात आणि इंजिन मंद तेव्हा दिवा मंद. सपाटीवर हे खपून जाते. घाटात नेमके उलटे होते. अवघड वळणावर गाडी पहिल्या गियरमध्ये रांगू लागते आणि उजेडाची सर्वांत जास्त गरज असते त्या क्षणी दिवा पिवळा पडतो. ज्यांच्याकडे अजून अशा गाड्या आहेत, त्यांना हे सांगायला नको.

एलईडीने या बाबतीत खरोखर क्रांती केली. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळ्याची गरज होती. जपानमधील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली प्रखर निळा एलईडी तयार केला आणि त्यावर पिवळ्या स्फुरकाचा थर देऊन पांढरा उजेड मिळू लागला. या निळ्या दिव्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच : ३५ वॉटचा हॅलोजन बल्ब साधारण आठशे ल्यूमेन उजेड देतो, तर चांगला एलईडी एका वॉटमागे शंभराच्या आसपास ल्यूमेन देतो. लहान बॅटरीच्या गाडीलाही आता भरपूर उजेड परवडतो. अडचण सुरू होते ती इथूनच, कारण जे स्वस्तात परवडते ते विचार न करता लावले जाते.

देवगोई घाटासारख्या रस्त्यावर गाडी वळते तेव्हा काय होते ते पाहा. हँडलवरचा दिवा हँडलबरोबर थोडा वळतो. लेगगार्डवरचा दिवा चौकटीला बांधलेला असल्याने जिकडे गाडीचे नाक, तिकडेच पाहतो. वळणावर गाडी कलते, तिच्याबरोबर झोतही कलतो. झोत अरुंद असेल तर तो समोरच्या दरीत, नाहीतर कड्यावर जाऊन पडतो. ज्या बाजूला आपल्याला वळायचे आहे ती बाजू, म्हणजे रस्त्याची आतली कड, तिथे साचलेली खडी, बसलेली गाय, हे सारे काळोखात राहते. म्हणून डोंगरातला पहिला जादा दिवा लांब फेकणारा ‘स्पॉट’ नसावा. तो जवळ आणि रुंद पसरणारा असावा. दोन रुंद दिवे किंचित बाहेरच्या बाजूला वळवून लावले, की वळणाची आतली कड दिसू लागते. घाटात जीव वाचवते ती ही कड.

लांबचा उजेड नकोच का? याचे उत्तर साध्या गणितात आहे. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत रात्रीच्या वेळी दीड सेकंद तरी जातो. मुरुमावर किंवा सुट्या खडीवर ब्रेक डांबराच्या मानाने फार कमी धरतात. ताशी ३० किलोमीटर वेगात अशा रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला सुमारे २५ मीटर लागतात. वेग ६० केला तर अंतर दुप्पट होत नाही, ते ७० मीटरच्या पुढे जाते, म्हणजे जवळपास तिप्पट. आता उजेडाचा नियम : अंतर दुप्पट झाले की तोच झोत चौथा हिस्सा प्रखर उरतो, अंतर तिप्पट झाले की नववा. म्हणजे वेग दुप्पट करायचा असेल, तर तेवढ्याच स्पष्ट दिसण्यासाठी दिव्याची प्रखरता नऊपट हवी. हे नऊपट कोणत्याही दुकानात एका जोडीत मिळत नाही. उलट नवे दिवे लावल्यावर माणूस नकळत वेग वाढवतो आणि दिव्यांनी दिलेली सारी सवलत वेगात उधळून टाकतो. स्पॉट लावायचेच असतील तर ते मोकळ्या, सरळ कच्च्या रस्त्यासाठी लावावेत, आणि वेग उजेडाच्या आत ठेवावा.

दिवा कुठल्या उंचीवर असावा, यालाही महत्त्व आहे. डोळ्याच्या जवळ, उंच लावलेला दिवा रस्ता सपाट दाखवतो. खड्डा आणि माती एकसारखीच दिसते. खाली, लेगगार्डच्या उंचीवर लावलेल्या दिव्याने प्रत्येक दगडाची लांब सावली पडते आणि खड्ड्याची कड उठून दिसते. पावसाळ्यात ढग घाटात उतरतात तेव्हाही खालचाच दिवा उपयोगी, कारण धुक्याच्या थेंबांवरून उलटून येणारा उजेड डोळ्यांत कमी जातो. धुक्यात पिवळा दिवाच हवा, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते पिवळा आणि पांढरा उजेड सारखाच विखुरतात. फ्रान्सने मोटारींना पिवळे दिवे १९३६ पासून सक्तीचे केले होते आणि १९९३ साली ती सक्ती सोडून दिली. पिवळट उजेड डोळ्यांना कमी टोचतो, एवढा फायदा नक्की. निळसर पांढरा दिवा दुकानात झगझगीत दिसतो, आणि ओल्या रस्त्यावर नुसता चमकतो.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे, वॉटकडे वळू. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. मेकॅनिककडचा मल्टिमीटर दिव्याच्या वायरीत जोडून किती अँपियर जातात ते पाहावे आणि त्याला व्होल्टेजने गुणावे. शंभर वॉट छापलेला दिवा एकच अँपियर घेत असेल, तर तो बारातेरा वॉटचा आहे. साध्या गाडीला दोन्ही मिळून तीस-चाळीस वॉट पुष्कळ झाले, आणि तेही गाडीला झेपतात का हे बघायला हवे. सगळे दिवे लावून इंजिन मध्यम वेगात ठेवावे आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावे. साडेतेराच्या आसपास असेल तर चार्जिंग ठीक आहे. साडेबाराच्या खाली उतरत असेल तर दिवे बॅटरी खात आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्यांचा इंधनपंप विजेवर चालतो. बॅटरी पार बसली तर किक मारून किंवा उतारावर ढकलून गाडी सुरू होईलच, असा भरवसा नाही. मोलगीच्या पुढे हा धडा महाग पडतो.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. हेडलाईटची मूळ वायर कापून त्यातच जोड मारणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट पद्धत. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज, तिथून रिले आणि रिलेतून दिवे, हा सरळ मार्ग. चाळीस वॉटला साधारण सव्वातीन अँपियर लागतात, म्हणून पाच अँपियरचा फ्यूज पुरे. पंधराचा टाकला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर जळेल. रिलेला इशारा इग्निशनच्या चावीनंतरच्या वायरीतून द्यावा, म्हणजे चावी काढली की दिवे बंद. स्पॉट असतील तर त्यांचा इशारा अप्परच्या वायरीतून घ्यावा; समोरून कोणी आले आणि आपण डिपर मारला की ते आपोआप विझतात. वायर हँडलजवळून नेताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे, कुठे ताण येता कामा नये. डोंगरात गाडी पडणारच, हे धरून दिवा लेगगार्डच्या नळीच्या आतल्या बाजूला असावा. मार नळीने खावा.

दिव्याच्या पाठीमागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्या शोभेसाठी नसतात. एलईडीची उष्णता काचेतून पुढे जात नाही, पाठीमागून बाहेर पडते. तिथे चिखल सुकून बसला तर दिवा आतून तापतो आणि लवकर मरतो. खोक्यावर ‘आयपी ६७’ असेल तर धूळ आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल, असा त्याचा अर्थ. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना एवढे पुरते. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याची हमी मात्र त्यात नसते.

आता सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित काम : झोत जुळवणे. संध्याकाळी गाडी शाळेच्या किंवा गोदामाच्या भिंतीसमोर सपाट जागी दहा मीटरवर उभी करावी. नेहमीचे ओझे ठेवून नेहमीचाच माणूस सीटवर बसवावा. दिव्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखावी. रुंद दिवा निवडतानाच झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी असलेला निवडावा, आणि ती कड खडूच्या रेघेच्या वीस सेंटीमीटर खाली येईल असा दिवा वाकवावा. साठ सेंटीमीटर उंचीवरचा दिवा असा लावला, तर झोताची वरची कड बरोबर तीस मीटरवर जमिनीला टेकते. ३० च्या वेगात थांबायला आपल्याला २५ मीटर हवे होते. हिशेब जुळला, आणि सपाट रस्त्यावर समोरून चालत येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत काही गेले नाही.

हा समोरून चालत येणारा माणूस आपल्या सगळ्या हिशेबांतून गळतो. आमच्या डोंगरात रात्री रस्त्याने चालणारी माणसे पुष्कळ. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, आणि तिच्यासाठी घुंगरू, मोरपिसे, ढोल घेऊन माणसे डोंगराडोंगरातून रात्रभर येत असतात. आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून खांद्यावर घेऊन उतरणारेही याच रस्त्याने येतात. त्यांच्या हातात फार तर मोबाईलचा उजेड असतो. डोळ्यांना अंधाराची पुरी सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि ती मोडायला एक झोत पुरतो. झोळी खांद्यावर असलेल्या माणसाचे पाऊल पुढची काही सेकंद कुठे पडेल, हे त्याला कळत नाही. दुचाकीवाल्यालाही तेच. ताशी ४० च्या वेगात तीन सेकंद डोळे दिपले, तर तो ३३ मीटर आंधळा जातो. घाटात ३३ मीटरमध्ये एक अख्खे वळण येऊन जाते.

कायदाही इथे स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ प्रमाणे वाहनाच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत, तेही नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने. म्हणून खरेदीपूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे, शक्यतो गाडीच्या कंपनीनेच मान्य केलेले दिवे घ्यावेत, आणि हमरस्त्यावर ते बंद ठेवून त्यांवर टोपण चढवावे. दंडाची भीती म्हणून नव्हे. अंकलेश्वरकडून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही रस्ता दिसायला हवा, म्हणून.

दुकानदाराला वॉट विचारायच्या आधी आपण रोज जातो त्या रस्त्यावरची आपल्याला न दिसणारी जागा कोणती, ते एकदा आठवून पाहावे. बहुतेकांच्या बाबतीत ती दूरवर नसते. चाकापासून पंधरा-वीस मीटरवर, वळणाच्या आतल्या बाजूला असते. तेवढीच उजळावी. समोरून कोणी येताना दिसले तर डिपर मारावा, गियर खाली घ्यावा, आणि झोळीवाल्यांना आधी जाऊ द्यावे.