नागपूर-मुंबई विमानाने नेमकं किती?

मनीषनगरातल्या मंडळींना वर्धा रोड ओलांडला की सोनेगावचा विमानतळ. तरी मुंबईचं अंतर विचारलं की प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो, आणि सगळे बरोबर असतात! रेल्वेने ८३७ किलोमीटर, नुसता समृद्धी महामार्ग ७०१, आणि हवेतून सरळ रेषेत जेमतेम ६८०.

जेट विमान ताशी आठशेच्या आसपास वेग गाठतं, मग तिकिटावर दीड तास का? कारण तो वेग फक्त मधल्या टप्प्यात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि मुंबईच्या गर्दीत उतरण्यासाठी थांबणं, सगळं त्या दीड तासात धरलेलं असतं. हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे जोरात असतात, म्हणून मुंबईहून येताना विमान बरेचदा लवकर पोचतं.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र जुनी आहे. नागपूरहून सरळ रेषेत दिल्ली सुमारे ८५०, चेन्नई ९१०, कोलकाता ९९० किलोमीटर. चारही महानगरं हजाराच्या आत! याच जोरावर १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. चारही शहरांतून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत. मद्रासचं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत! घरात त्या काळचं कुणी वडीलधारं असेल तर जरूर विचारा आणि आठवणी इथे लिहा.