दर दोन तासांनी

२००८ सालातला, सूर्याचा अभ्यास करणाऱ्या युलिसिस यानाचा एखादा साधा दिवस. तासांचे आकडे मी मांडणीसाठी घेतले आहेत. दर दोन तासांचा क्रम मात्र खरा, पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतून यान चालवणाऱ्या युरोपीय-अमेरिकी चमूने ठरवलेला.

मध्यरात्र. थ्रस्टर क्षणभर चालतात. यानाला कुठे वळायचं नाही. टाकीतलं उबदार हायड्राझिन इंधन थंड नळ्यांतून थोडं पुढे सरकावं, एवढ्यासाठीच. सुमारे २ अंश सेल्सिअसला ते गोठतं. ऑक्टोबर १९९० मध्ये निघताना प्लुटोनियमच्या उष्णतेतून साधारण २८५ वॅट वीज मिळायची, ती आता बरीच घटली आहे. त्यात वीज वाचवण्यासाठी जानेवारीत बंद केलेला एक्स-बँड ट्रान्समीटर पुन्हा सुरूच झाला नाही. त्याची ऊबही गेली.

रात्री २, पहाटे ४. तेच.

सकाळी ६. यान मिनिटाला पाच गिरक्या घेतं आणि त्याची अँटेना पृथ्वीकडे रोखलेली असते. पृथ्वी सूर्याभोवती फिरत राहते, म्हणून ही दिशा सतत सुधारावी लागते. इंधन गोठलं तर दिशा सुटेल आणि काही दिवसांत संपर्कही तुटेल. नळ्यांची एवढी काळजी त्यासाठी.

सकाळी ८. डीप स्पेस नेटवर्कची एक अँटेना यानाकडे वळते. उरलेल्या एस-बँडवरून आकडे संथपणे उतरू लागतात: सौरवाऱ्याचा वेग, चुंबकीय क्षेत्र, वेगवान कणांची मोजणी.

सकाळी १०. हे आकडे वाचायचे तर १९९४ आठवायला हवं. गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने १९९२ मध्ये ग्रहांच्या पातळीबाहेर वळवलेलं हे यान १९९४च्या सप्टेंबरात सूर्याच्या ८० अंश दक्षिण अक्षांशावर पोचलं. तिथे वारा सेकंदाला सुमारे ७५० किलोमीटर वेगाने, एकसारखा वाहत होता. विषुववृत्ताजवळचा संथ वारा ४०० च्या आसपास असतो. वेगवान प्रवाह संथ प्रवाहाला गाठतो तिथे धक्कालहरी उठतात आणि कणांना गती मिळते. ध्रुवावर अशी टक्करच नाही. तरीही कणांची संख्या साधारण २६ दिवसांनी, सूर्याच्या स्वतःभोवतीच्या फेरीबरोबर, वाढताना दिसत राहिली. मला युलिसिसचा हा सगळ्यात सुंदर निकाल वाटतो. शास्त्रज्ञ लेनार्ड फिस्क यांनी सुचवलं की सूर्य विषुववृत्तावर जलद आणि ध्रुवांकडे हळू फिरतो, त्यामुळे चुंबकीय रेषांची मुळं सरकतात. ध्रुवावरची रेषा मग दूर अंतरावर खालच्या अक्षांशांतल्या धक्कालहरींना जाऊन भिडते आणि कण त्या वाटेने वर येतात. कण रेषा ओलांडून पसरतात, असं दुसऱ्या गटाचं म्हणणं.

दुपारी १२ ते ४. थ्रस्टर तीनदा.

संध्याकाळी ६. आकाशगंगेतून येणाऱ्या वैश्विक किरणांचा तक्ता. ध्रुवावरच्या रेषा कमी पीळदार, म्हणून तिथून हे किरण सरळ आत शिरतील, अशी अपेक्षा होती. वाढ दिसली, पण बेताचीच: ध्रुवीय वाऱ्यातल्या मोठ्या चुंबकीय लहरी त्यांना अडवतात. आणि २०००-०१ मध्ये, सूर्य ऐन भरात असताना, सौर स्फोटांचे कण मात्र ध्रुवांपर्यंत पोचलेले सापडले. स्फोटाचा परिणाम आपल्या पातळीपुरताच राहतो, हा समज तिथे मोडला.

रात्री ८. थ्रस्टर.

रात्री १०. या वर्षीच्या आकड्यांतली खरी बातमी: नव्वदच्या दशकातल्या सौर शांततेच्या तुलनेत वाऱ्याचा दाब सुमारे २० टक्क्यांनी उतरला आहे. सप्टेंबरात ती जाहीर होईल. दाब उतरला की सौरवाऱ्याने सूर्याभोवती फुगवलेला फुगा आक्रसतो आणि वैश्विक किरणांना आत यायला अधिक वाव मिळतो. एका कक्षेचे आकडे असते तर हे कळलंच नसतं. साधारण सहा वर्षांच्या तीन फेऱ्या लागल्या. जुलैपर्यंतच तग धरेल, असा अंदाज बांधलेलं हे यान ३० जून २००९ पर्यंत मोजत राहिलं.