छोट्या आगगाडीचा डबा रुळावरून का घसरतो?
चाक आणि कपलिंगच्या दुरुस्तीत बारीक हाताला मिळणारे काम

मॉडेल रेल्वे म्हटले की आपल्याकडे चावी देऊन गोल फिरणारे पत्र्याचे खेळणे डोळ्यांसमोर येते. युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये मात्र हा मोठ्या माणसांचा छंद आहे आणि त्यावर कारखाने, दुकाने, दुरुस्ती करणारे कारागीर असा पुरा बाजार उभा आहे. जर्मनीतील मेर्कलिन ही कंपनी १८५९ पासूनची. अमेरिकेत या छंदाची मापे ठरवणारी एनएमआरए ही संघटना १९३५ साली स्थापन झाली. आपल्या महाराष्ट्रात हे जग पाहायचे असेल तर पुण्याच्या कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. परदेशात नोकरीला असलेली आपली मंडळीही परतताना असे संच घेऊन येतात. एखाद्याला मामाने किंवा चुलत्याने दिलेला संच वीस-तीस वर्षे माळ्यावर पडून असतो.

तो संच खाली काढला की पहिली तक्रार एकच येते. इंजिन चालते, पण डबे रुळावरून उतरतात किंवा वाटेत सुटून मागे राहतात. दुकानदार सांगतो, ‘जुना माल आहे, नवीन घ्या.’ प्रवासी डब्यांचा परदेशी संच नवीन घेणे हे मध्यमवर्गीय माणसाच्या खिशाला परवडणारे नाही आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. दोष दहापैकी नऊ वेळा चाकात किंवा कपलिंगमध्ये असतो आणि तो मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो. ज्यांच्या हाताला घड्याळ किंवा दागिने दुरुस्तीची सवय आहे, ज्यांच्याकडे चिमटा, बारीक कानस, भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर आहे, त्यांना हे काम नवे असले तरी अवघड नाही. या कामात खरी मजुरी मिळते ती निदानाची. सुटा भाग बसवायला पाच मिनिटे लागतात, पण कोणता भाग हवा हे ओळखायला डोके लागते.

आधी मापे समजून घेऊ. सर्वांत जास्त खपणारे माप एचओ, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे. रुळांतील अंतर १६.५ मि.मी. इंग्लंडमध्ये डबा थोडा मोठा, शहात्तराव्या हिश्शाचा करतात आणि त्याला ओओ म्हणतात, पण रूळ तेच १६.५ मि.मी.चे. त्यामुळे इंग्रजी डबा जर्मन रुळावर चालतो आणि गिऱ्हाईक समजते की सुटे भागही एकच असतील. ते तसे नाहीत. इंग्रजी प्रवासी डब्याचे चाक साधारण १४ मि.मी. व्यासाचे, तर अमेरिकन प्रवासी डब्याचे ३६ इंची चाक एचओ मापात साडेदहा मि.मी.चे होते. आपल्या आयसीएफ डब्याचे नवे चाक ९१५ मि.मी.चे, तेही या हिशेबाने साडेदहाच येते. अंदाजाने मागवलेली चाके पुष्कळदा दुकानातच पडून राहतात आणि नफा तिथेच बुडतो.

डबा हातात आला की कॅलिपरने पहिले माप घ्यायचे ते एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतराचे. एचओ आणि आजकालच्या ओओ मालात हे अंतर सुमारे १४.४ मि.मी. असावे लागते. ते कमी असेल तर सांधा ओलांडताना चाकांच्या पाठी आतल्या संरक्षक रुळांना चिमटतात आणि चाक वर चढते. जास्त असेल तर चाकाची कड क्रॉसिंगच्या टोकावर आदळते. गिऱ्हाईक सांगते, ‘सरळ रुळावर नीट चालते, फक्त सांध्यावर उतरते,’ तेव्हा निम्मे निदान तिथेच झालेले असते. चाक आसावर दाबून बसवलेले असते. ते हलके पिळत पिळत बाहेर किंवा आत सरकवावे. नुसते ओढले तर वाकडे होते आणि मग डबा लंगडत चालतो. दोन्ही चाके आसाच्या टोकांपासून सारख्या अंतरावर आहेत ना, हेही पाहावे. एनएमआरएची धातूची मापपट्टी मिळाली तर कॅलिपरशिवायही हे काम होते, कारण तिच्या खाचांत चाक बसते की नाही एवढेच पाहायचे असते.

दुसरा दोष जुन्या इटालियन मालात फार दिसतो. रिव्हारोसी आणि लिमा या कंपन्यांनी कित्येक दशके स्वस्त आणि देखणे डबे बनवले. त्या काळच्या त्यांच्या चाकांची कड खोल असे. एनएमआरएने सुचवलेल्या चाकाची कड ०.०२५ इंच, म्हणजे जेमतेम ०.६४ मि.मी. असते, जुन्या मालात ती दुप्पट किंवा त्याहूनही अधिक भरते. हौशी लोक गमतीने त्यांना पिझ्झा कापायची चाके म्हणतात. त्या काळचा रूळ अडीच मि.मी. उंच असल्याने ते खपून गेले. आजचे बारीक रूळ २.१ मि.मी.चे किंवा त्याहून कमी उंचीचे असतात. त्यांवर ही कड रुळाच्या आतल्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या खिळ्यांवर घासते आणि डबा टकटक करत उड्या मारतो. लिमाचा कारभार बंद पडल्यावर २००४ मध्ये रिव्हारोसी आणि लिमा ही दोन्ही नावे इंग्लंडच्या हॉर्नबी कंपनीकडे गेली. पण लोकांच्या घरात आहे तो जुनाच माल. यावर काही जण कानशीने कड घासतात. लेथ असेल आणि हात बसलेला असेल तर ठीक, एरवी चाक अंडाकृती होते. चाके बदलणे हाच रास्त मार्ग.

चाके बदलताना आसाची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजावी. आस लांब असेल तर बोगीच्या बाजू फाकतात आणि चाक जड फिरते. आखूड असेल तर तो खोबणीत खाली बसतो आणि डबा झुकतो. म्हणून सगळ्या डब्यांची चाके एकदम मागवू नयेत. एक जोडी आणून एका बोगीत बसवावी, हलक्या उतारावर चांगल्या डब्याशेजारी सोडून पाहावे आणि मगच बाकीची मागवावीत. आसाच्या टोकाला तेल घालायची सवय आपल्याकडे आहे, ती इथे सोडावी. तेलाला केस आणि सतरंजीचे धागे चिकटतात. माळ्यावरून आलेल्या डब्यात तर पुष्कळदा चाकाभोवतीचा केसांचा गुंता चिमट्याने काढला की रोग बरा होतो. वंगण हवेच असेल तर ग्रॅफाइटची चिमूटभर भुकटी पुरे.

मेर्कलिनचा जुना डबा आला तर आधी विचारा, तो कोणत्या रुळावर चालवणार? मेर्कलिनची पद्धत मधल्या तिसऱ्या वाहकाची, म्हणून त्याच्या डब्यांची दोन्ही चाके धातूच्या आसाने विजेच्या दृष्टीने जोडलेली असतात. दोन रुळांच्या पद्धतीत तोच डबा ठेवला की दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्टसर्किट होते. तिथे एका बाजूला विद्युतरोधक असलेली चाके लागतात. बोगी धातूची असेल तर एका बोगीतील सर्व रोधक चाके एकाच बाजूला यायला हवीत. एक जोडी उलटी बसली तरी गाडी थांबते आणि दोष इंजिनाच्या माथी मारला जातो.

आता कपलिंग. इथे एक नियम पक्का ठेवावा : आधी चाक, मग कपलिंग. कारण साधे आहे. साडेअकराऐवजी साडेदहा मि.मी.चे चाक घातले की डबा अर्धा मिलिमीटर खाली येतो आणि त्याबरोबर कपलिंगही. काल जुळवलेले कपलिंग आज सुटते आणि गिऱ्हाईक म्हणते, आधी बरे होते.

अमेरिकन डब्यांवर केडीची कपलिंगे चालतात. कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांची ही कंपनी. नाव त्यांच्याच आद्याक्षरांवरून. एचओमध्ये रुळाच्या माथ्यापासून कपलिंगच्या मध्यापर्यंतची उंची २५/६४ इंच, म्हणजे सुमारे ९.९ मि.मी. हवी. ही उंची तपासायला कंपनीचे स्वतःचे गेज मिळते. या धंद्यात उतरणाऱ्याने दुसरे काही विकत घेण्याआधी ते घ्यावे, असे आमचे मत आहे. डबा खाली असेल तर बोगी आणि डब्याच्या मध्ये पातळ वॉशर घालतात, ०.०१० इंची वॉशर पाव मि.मी. उचलते. कपलिंगखाली एक वाकडी तार लोंबते, ती रुळांमध्ये बसवलेल्या चुंबकाने डबा सोडवण्यासाठी. ती फार खाली असली तर सांध्यावर अडकते. तसेच पोलादी आसाची चाके असतील तर तोच चुंबक अख्खा डबा ओढतो आणि गाडी हिसका खाते. तिथे पितळेचे किंवा प्लॅस्टिकचे आस घालावे लागतात.

युरोपीय आणि अलीकडच्या इंग्रजी डब्यांना बहुधा एनईएम ३६२ नावाची ठरावीक मापाची खोबण असते. तिच्यात कपलिंग दाबून बसते, काढूनही घेता येते. केडीची १७ ते २० या क्रमांकांची कपलिंगे याच खोबणीसाठी असून त्यांच्यात फरक फक्त लांबीचा आहे. जुन्या डब्यात ही खोबण नसते आणि मग कापाकापीचा मोह होतो.

कापण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : घरातले सर्वांत तीव्र वळण किती त्रिज्येचे? अमेरिकेतला ८५ फुटी डबा एचओमध्ये जवळजवळ ३० सें.मी. लांब होतो. अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर त्याची टोके एवढी बाहेर फेकली जातात की कपलिंग डब्याच्या अंगाला बसवलेले असेल तर ते शेजारच्या डब्याला रुळावरून खेचून काढते. जुन्या कंपन्यांनी कपलिंग बोगीला जोडले ते याच कारणाने. बोगी वळते तसे कपलिंगही वळते. पण त्याचा तोटा गाडी मागे ढकलताना दिसतो. ढकलण्याचा जोर सरळ बोगीवर येऊन ती तिरकी होते आणि डबा उतरतो. ज्याच्या घरी जागा कमी, त्याचे कपलिंग बोगीवरच राहू द्यावे आणि गाडी मागे ढकलताना वेग कमी ठेवायला सांगावे. मोठी वळणे असलेल्यालाच डब्यावर कपलिंग बसवून द्यावे. काही युरोपीय डब्यांत वळणावर कपलिंगला आपोआप बाहेर सरकवणारी यंत्रणा असते. तिथे फक्त धूळ साफ करून ती मोकळी हलते आहे ना ते पाहावे.

डबा हलका असला तर वरचे सगळे करूनही उतरतो. एनएमआरएचा हिशेब सोपा : मूळ १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. दहा इंची डब्याला ६ औंस, म्हणजे १७० ग्रॅम. वजन आत तळाशी, मध्यावर चिकटवावे. दोन बोगींपैकी एकीचा स्क्रू असा आवळावा की ती फक्त डावी-उजवी फिरेल आणि दुसरी थोडी सैल ठेवावी, म्हणजे डबा तीन पायांच्या स्टुलासारखा बसतो, डगमगत नाही.

व्यवहाराचे म्हणाल तर दर सांगताना निदान, सुटे भाग आणि मजुरी अशा तीन रकमा वेगळ्या सांगाव्यात. कारण पुष्कळदा निदानातच काम संपते आणि तेव्हा भागांचे पैसे लावणे बरे नव्हे. दुसरी गोष्ट, जुने डबे गोळा करणारे लोक मूळ चाके आणि मूळ कपलिंग असलेल्या डब्याला जास्त किंमत देतात. मूळ भाग एकदा कापला की ती किंमत परत येत नाही. गिऱ्हाइकाला बहुधा हे माहीत नसते. कारागिराला माहीत असलेच पाहिजे आणि त्याने हत्यार उचलण्यापूर्वी ते बोलून दाखवले पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग, अगदी झिजलेले प्लॅस्टिकचे चाकसुद्धा, डब्याचा क्रमांक लिहिलेल्या पुडीत बांधून डब्यासोबत परत द्यावा.

डबा परत देण्याआधीची शेवटची चाचणी गिऱ्हाइकासमोरच करावी : पूर्ण गाडी जोडून, त्याच्या घरच्याएवढ्याच वळणावर, सांध्यातून, आणि मागे ढकलत.