‘अमृतमंथन’ : डोळा राजगुरूचा, हात यशोधर्माचा

‘प्रभात’ म्हटले की ‘संत तुकाराम’ आठवतो. ‘अमृतमंथन’ हे नाव मात्र आमच्या कबनूर-इचलकरंजी भागातल्या तरुणांपैकी फार थोड्यांनी ऐकलेले असते. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिथला तिचा पहिला चित्रपट म्हणजे १९३४ चा ‘अमृतमंथन’. तो मराठी आणि हिंदीत निघाला. दिग्दर्शक कोल्हापूरचेच व्ही. शांताराम.

कथा जुन्या काळच्या अवंतीतली. राजा क्रांतिवर्मा चंडिकेपुढचे नरबळी आणि पशुबळी बंद करतो. राजगुरूची सत्ता डळमळते. पण तो स्वतः शस्त्र उचलत नाही. राजाला मारणे हेच धर्मकार्य, असे भक्तांच्या मनावर बिंबवून यशोधर्मा नावाच्या श्रद्धाळू माणसाकडून तो खून करवतो आणि नंतर त्यालाच वाऱ्यावर सोडतो. हिंदीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांचा डोळा पडदाभर दिसतो. आमच्या मते चित्रपटाचे सगळे राजकारण त्या डोळ्यात आहे.

चित्रपट नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरचा, कोल्हापूरच्या इतिहासावरचा नव्हे. तरी राजा विरुद्ध राजपुरोहित हा झगडा कोल्हापूरकरांना नवा नव्हता. १८९९ च्या वेदोक्त प्रकरणात राजोपाध्यांनी शाहू महाराजांना वेदोक्ताचा अधिकार नाकारला. पुढे महाराजांनी त्यांचे वतनच जप्त केले.

आणि हे सगळे जुने झाले म्हणावे, तर नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात आला २०१३ साली, म्हणजे चित्रपटानंतर ७९ वर्षांनी. तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाल्यावर. २०१५ मध्ये कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या तर आपल्या कोल्हापुरातच. अशा वेळी गोळी कोणी झाडली एवढ्यावर आपली चर्चा थांबते. ‘अमृतमंथन’ पहिल्यापासून विचारतो : त्याच्या डोक्यात हे भरले कोणी?

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. बळी थांबवणारा राजा, कट रचणारा राजगुरू, दोघेही वरचेच. ज्यांच्या मानेवर सुरी होती, ती माणसे कोण, त्यांचे म्हणणे काय, हे चित्रपट फारसे विचारत नाही. त्याच्या १४ वर्षे आधी, मार्च १९२० मध्ये, कबनूरपासून जवळच असलेल्या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. शाहू महाराज तिथे आले होते. अध्यक्षपदी मात्र बाबासाहेब होते.