नदी पोटात घेणारा डोंगर

स्लोव्हेनियातली रेका नदी उगमापासून बराच काळ इतर नद्यांसारखीच उघड्यावर वाहते. तिथला वालुकाश्म आणि चिकणमातीचा खडक पाणी मुरू देत नाही. पुढे चुनखडीचं पठार लागतं आणि श्कोत्सियान गावापाशी अख्खी नदी कड्याखाली शिरते. ती पुन्हा उजेडात येते थेट इटलीत, समुद्राजवळ, सुमारे ३५ किलोमीटरवर.

ही किमया रसायनाची आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी फटीत शिरलं की चुनखडी विरघळू लागते. लाखो वर्षांत फटीचं भुयार होतं आणि मग वाळू-गोटे घेऊन येणारी नदी ते कोरत, खोल करत जाते. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये असं घडत नाही, कारण तो चुनखडीसारखा विरघळत नाही. अजिंठा-वेरूळची लेणी माणसाला छिन्नीने खोदावी लागली ती म्हणूनच.

श्कोत्सियानच्या गुहांना १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. पर्यटक आधी कोरड्या दालनांतून जातात. छतातून झिरपणाऱ्या थेंबातला कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो, विरघळलेला चुना मागे उरतो आणि त्याचेच खांब चढत जातात. पुढे पाण्याची घरघर ऐकू येऊ लागते आणि भूमिगत दरीच्या कडेला वाट निघते. इथल्या पुलावरून खाली पाहिलं, तर जवळजवळ ४५ मीटर खोल रेका फेसाळत असते. दरीच्या भिंतीवर जुन्या काळी शोधकांनी खडकात खोदलेल्या अरुंद पायऱ्या अजून दिसतात.

पर्यटकांना जाता येत नाही अशा भागात, १४० मीटरहून उंच दालनाच्या टोकाला, पाण्याची वाट एकाएकी अरुंद होते. मोरीचं भोक लहान असलं की पाणी तुंबतं, तसं महापुरात इथे होतं. १९६५ च्या पुरात गुहेतलं पाणी शंभर मीटरहून जास्त चढलं होतं.

जी पोकळी गुहेला भव्य करते, तीच तिला नाजूकही करते. माती आणि वाळूच्या थरांतून झिरपताना पाणी गाळलं जातं. चुनखडीच्या मोकळ्या भुयारांत तसं होत नाही. वरच्या अंगाला नदीत सोडलेली घाण गुहेतून तशीच पुढे जाते. विसाव्या शतकात कारखान्यांच्या सांडपाण्याने रेकाचे असेच हाल केले होते. या काळोख्या पाण्यात प्रोटिअस हा जवळपास आंधळा उभयचरही राहतो. नदी नासली, तर त्याला दुसरीकडे जायला जागा नाही.

त्यामुळे नुसतं गुहेच्या तोंडाशी कुंपण घालून भागत नाही. २००४ मध्ये हा प्रदेश युनेस्कोचा जीवावरण राखीव प्रदेश म्हणून मान्य झाला, तेव्हा रेकाचं खोरंही त्यात घेतलं गेलं. हेच शहाणपण आहे. अशी गुहा राखायची, तर आधी वरची नदी राखायला हवी.