चैत्रगौरीला मोगरा हवा ना? मग माघातच पाणी तोडा!

रथसप्तमी झाली की संक्रांतीचं हळदीकुंकू एकदाचं आटोपतं. वाणाच्या उरलेल्या डब्या माळ्यावर जातात, हलव्याचे दागिने कुणाच्या तरी घरी उसने जातात आणि आपण जरा टेकतो. पुढचं हळदीकुंकू थेट चैत्रगौरीचं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि मग अक्षय्यतृतीयेपर्यंत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि मोगऱ्याची फुलं. रथसप्तमी ते चैत्रगौर यांत जेमतेम आठ आठवडे असतात. बागेतल्या वसंताची सगळी तयारी याच आठ आठवड्यांत करायची असते. पालवी आणि कोकीळ दिसू-ऐकू आल्यावर जी जागी झाली, तिच्या घरच्या गौरीला विकतचा गजरा ठरलेला!

हे मी ठासून सांगते, कारण लागोपाठ दोन वर्षं माझीही तीच गत झाली होती.

आमचा मोगरा सासूबाईंचा. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या विहिरीकाठची एक फांदी त्यांनी ओल्या फडक्यात बांधून आणली होती आणि वाड्याच्या मागच्या दारी लावली होती. वाडा पाडला तेव्हा मोठं झाड काही हलवता आलं नाही. त्याची एक मुळं फुटलेली फांदी तेवढी बारा इंची कुंडीत आमच्याबरोबर फ्लॅटमध्ये आली. गॅलरीत पूर्वेचं ऊन चांगलं येतं. मी रोज सकाळी पाणी घाली, महिन्याला खत घाली. झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी, आणि कळी मात्र एक नाही. पहिल्या वर्षी म्हटलं, जागा बदलली, रुसलं असेल. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. हळदीकुंकवाच्या दिवशी मी मंडईतून गजरे आणले, तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसता गजरा हातात घेऊन वास घेतला आणि गौरीपुढे ठेवला. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गजरे ज्या मावशींकडून घेतले, त्यांची गावाकडे मोगऱ्याची दहा गुंठे बाग आहे. त्यांना मी रडगाणं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “वैनी, रोज पानी घालताय न्हवं? मग ते कशाला फुलंल? पोट भरल्यालं मानूस कामाला लागतंय का कधी? माघात पानी तोडा त्याचं.”

घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं. आपल्याकडचे फळबागवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. संत्री, डाळिंब, पेरू यांचा बहार ‘धरतात’ म्हणजे तरी काय? बागेचं पाणी काही दिवस बंद करायचं. झाडाला ताण बसला की त्याची नुसती पानं-फांद्या वाढवायची हौस थांबते, थोडीफार पानं गळतात आणि तयार झालेलं अन्न फांद्यांत साठून राहतं. मग खत घालून पाणी सोडलं की ते साठवलेलं अन्न फुलांच्या कामी येतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, पावसाच्या सुरुवातीचा मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त बहार. भारी जमिनीत ताण जास्त दिवस द्यावा लागतो, हलक्या जमिनीत कमी. पालघर जिल्ह्यात जव्हार-विक्रमगडच्या बाजूला शेतकरी मोगऱ्याची शेती करतात आणि तिथल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात येतात. आपल्याला तर एकच कुंडी सांभाळायची आहे!

मात्र कुंडी म्हणजे शेत नव्हे. कुंडीतली माती चार दिवसांत कोरडी ठणठणीत होते, म्हणून शेतातल्यासारखा महिनाभराचा ताण दिलात तर झाड जळून जाईल. रथसप्तमीपासून पाणी कमी करत जा. पहिले तीन-चार दिवस दिवसाआड अर्धा तांब्या, मग बंद. पानं मलूल होऊन पिवळी पडू लागली की ताण बसला असं समजावं. कोवळ्या काड्याच सुरकुतू लागल्या तर मात्र कपभर पाणी द्या, तेवढ्याने काही बिघडत नाही. कुंडीला सगळे मिळून दहा-बारा दिवस पुष्कळ झाले.

आमच्याकडे सहावा दिवस उजाडला तरी पान पिवळं पडेना. मातीत बोट घालून पाहिलं तर चांगली ओल! मला काही कळेना. रात्री पाणी प्यायला उठले, तर गॅलरीचा दिवा लागलेला आणि सासूबाई आपला पितळी तांब्या घेऊन कुंडीपाशी उभ्या. मला पाहून दचकल्या. मग म्हणाल्या, “तहानलेलं झाड डोळ्यांदेखत कसं ठेवू गं मी? माझ्या आईच्या हातचं आहे ते.”

मी चिडले होते खरी, पण यावर काय बोलणार! कुंडीशेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांना संत्र्याच्या बागांचं सगळं सांगितलं. “आई, बारा दिवस फक्त. वाळलं तर मला बोला.” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे विहीरही माघात आटायचीच म्हणा. कुणी पाणी तोडायला नको, आपोआप तुटायचं.” म्हणजे माहेरच्या त्या झाडाला दर वर्षी ताण बसतच होता! आम्हीच नळाचं पाणी घालून घालून त्याला आळशी केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तांब्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

ताण बसला की छाटणी. इथे आपल्या बायकांचा हात आखडतो. शेंडे खुडल्यासारखं करून आपण छाटणी झाली म्हणतो. तसं नको. मोगऱ्याची फुलं नव्या फुटव्यांवर येतात, तेव्हा जुन्या फांद्यांचा मोह धरून उपयोग नाही. वाळक्या, किडक्या आणि एकमेकींत घुसलेल्या काड्या बुडापासून काढा आणि उरलेल्या निम्म्यापर्यंत खाली आणा. कात्री धारदार हवी. भाजीच्या विळीने किंवा बोथट सुरीने फांदी चिंबते आणि तिथून वाळत जाते. राहिलेली पानंही हाताने हलकेच काढून टाका. झाड अगदी काटकुळं, उघडंबोडकं दिसेल. दिसू द्या.

मग वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने हलकेच उकरून काढा. बारीक मुळं तुटली तर घाबरू नका, जाड मुळांना मात्र धक्का लावू नका. दोन दिवस तसंच ऊन खाऊ द्या. काढलेल्या मातीच्या जागी चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचा चुरा घाला. ज्यांच्या घरी हाडांचा चुरा चालत नाही त्यांनी चमचाभर सुपर फॉस्फेट घ्यावं. शेणखत हातात घेतल्यावर चहाच्या भुकटीसारखं मोकळं लागलं पाहिजे. ताजं शेण मुळांना तापतं आणि त्यात हुमणीच्या अळ्या येतात, त्या मुळंच कुरतडतात. आणि युरियाचा चमचा या वेळी लांबच ठेवा. त्याने पानं तरारतात आणि कळ्या राहतात बाजूला. माझ्या महिन्याच्या महिन्याला घातलेल्या खताने तेच केलं होतं.

आता पाणी द्या, तेही तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. त्यानंतर वरची माती कोरडी झाली की पुन्हा. कुंडी घरातल्या सगळ्यात उन्हाच्या जागी ठेवा. पाच-सहा तास ऊन मिळत नसेल तर वरचा सगळा खटाटोप व्यर्थ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पण मोगऱ्याला दिला म्हणून सगळ्यांनाच उपास घालू नका हं! गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात होते. आता फक्त सुकलेली फुलं खालच्या दोन पानांसकट काढायची. कुंद अजून फुलावर असेल तर त्याला हात लावू नका, बहर संपला की मग छाटा. कढीपत्त्याची थंडीत पानं झडलेली असतात. त्याचे शेंडे आता खुडले की उन्हाबरोबर भरपूर फुटतो. घरोघरी त्याला आंबट ताक घालतात ते ठीक, पण पाणी घालून पातळ करून घाला. मीठ घातलेलं ताक तर मुळीच नको.

शेवंतीची फुलं संपली की आपण झाड उपटून टाकतो, ते चुकतं. जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून बाकी कापा. बुडाशी फुटवे येतात, ते उन्हाळाभर अर्धसावलीत जगवा आणि पावसाळ्यात सुटे करून लावा. एका कुंडीच्या सहा होतात.

जानेवारीच्या अखेरीला पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, मुंबईत राणीच्या बागेतही याच दिवसांच्या आगेमागे भरतं. तिथून डोळे दिपवणारी फुलांची झाडं आपण हौसेने आणतो. पण पिटुनिया, पॅन्झी ही सगळी थंडीची पाहुणी. मार्च तापला की ती गेलीच. त्यापेक्षा तिथे रोपवाल्यांशी बोलून चिनी गुलाबाच्या काड्या, झिनिया आणि गोकर्णाचं बी घ्यावं. चिनी गुलाबाची बोटभर काडी नुसती मातीत खोचली तरी लागते आणि रणरणत्या उन्हात फुलते.

भाजीचं म्हणाल तर थंडी ओसरली की भेंडी आणि गवार. भेंडीचं बी रात्रभर भिजत घालून लावलं तर लवकर उगवतं. बारा इंची कुंडीत एकच रोप ठेवावं. दीड-पावणेदोन महिन्यांत भेंडी लागते, आणि एक दिवस जरी काढायची विसरलात तर जून होते. कोथिंबीर-मेथीचा हट्ट आता सोडा, उन्हाने तुरे येतात. त्यांच्या जागी राजगिरा टाका.

आता एक नको असलेली गोष्ट. कुंड्या कमी करा. आपल्या गावांतून उन्हाळ्यात नळाचं पाणी कसं येतं ते आपल्याला माहीत आहे. मे महिन्यात चाळीस कुंड्या तहानेने मारण्यापेक्षा आत्ताच पंधरा निवडा, बाकीच्या शेजारी-मैत्रिणींना देऊन टाका. मी दिल्या. जिवावर आलं, पण दिल्या. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवलं तर पाच-सहा कुंड्यांचं त्यावर भागतं. भांड्यांचं साबणाचं पाणी मात्र नको. आणि फाल्गुनात रस्त्यावर पानगळ पडलेली असते, ती कुणी जाळायच्या आत पोतंभर गोळा करून आणा. कुंडीत तिचा दोन बोटं थर दिला की ओल टिकते, आणि पावसाळ्यापर्यंत तिचंच खत होतं. पोतं घेऊन पाला गोळा करताना आमच्या ह्यांना कुणी ओळखीचं भेटेल म्हणून लाज वाटायची, आता तेच पहाटे जाऊन आणतात!

ऊन वाढलं की जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की ओळखावं. लागलेले शेंडे कापून घराबाहेर टाका, खताच्या बादलीत नको. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबण घाला आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून-वरून फवारा. आठवड्याने पुन्हा.

आमच्या मोगऱ्याचं सांगायचं राहिलंच. छाटणीनंतर पंधरा दिवस काही हालचाल नव्हती. सासूबाई रोज सकाळी जपाच्या आधी काड्या निरखून यायच्या. मग गाठीगाठीला पोपटी ठिपके फुटले आणि होळीनंतर एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. मिरीएवढी कळी होती. आमच्या हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी स्वतः कळ्या मोजल्या. एकोणीस. गजऱ्यापुरत्या नव्हत्याच. दोन गौरीला वाहिल्या, एक पिण्याच्या पाण्याच्या माठात टाकली आणि उरलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. संध्याकाळी येणाऱ्या बायकांना त्या एकेक कळी हातावर ठेवत होत्या आणि प्रत्येकीला माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगत होत्या. मी मंडईतून आणलेले गजरे ताटात तसेच राहिले.

कळ्या काढायच्या त्या ऊन कलल्यावर, पांढऱ्या टप्पोऱ्या झालेल्या पण न उमललेल्या. आणि पहिला बहर ओसरला की फुलं येऊन गेलेले शेंडे दोन-दोन पेरं खुडा, मूठभर शेणखत द्या. या वेळी पाणी तोडायचं नाही. वैशाखात पुन्हा कळ्या येतात.